सी भाषेतील दोषशोधन नोंदी व नल पॉइंटरची सुरक्षित हाताळणी

प्रस्तावना :
डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केलेली सी भाषा आजही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते. आज्ञावलीतील दोष शोधण्यासाठी विद्यार्थी ठिकठिकाणी प्रिंटएफ या फंक्शनद्वारे नोंदी छापतात. मात्र काही वेळा ही नोंदच आज्ञावली बंद पाडते, आणि तीही नोंदीची सर्वाधिक गरज असते तेव्हा. प्रस्तुत लेखात याची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
पॉइंटर म्हणजे स्मृतीतील पत्ता साठविणारा चल होय. जो कोणत्याही वस्तूकडे निर्देश करीत नाही, तो नल पॉइंटर. समजा, सोलापुरातील एखाद्या चादर कारखान्याच्या आज्ञावलीत ग्राहकाचे नाव न सापडल्यास शोध फंक्शन नल परत करते. ते मूल्य प्रिंटएफला 'टक्का-एस' या चिन्हाने दिल्यास परिणाम अनिश्चित राहतो, असे सी भाषेचे प्रमाणक मानते. लिनक्सवरील ग्नू सी ग्रंथालय अशा वेळी कंसात 'नल' हा शब्द छापते. त्यामुळे सर्व काही सुरळीत असल्याचा भ्रम होतो. परंतु नोंदीत केवळ 'टक्का-एस' व नव्या ओळीचे चिन्ह असेल, तर जीसीसी कंपायलर त्याजागी पुट्स फंक्शन योजू शकतो. पुट्स ही सवलत देत नाही व आज्ञावली कोसळते.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये लिनक्स कर्नेलच्या 'टन' चालकात पॉइंटर आधी वापरला गेला व नंतर तपासला गेला. वापर झाला म्हणजे तो नल नाही, असे गृहीत धरून कंपायलरने पुढील तपासणीच वगळली. त्यातून सुरक्षेचा गंभीर दोष उद्भवला.

उपाययोजना :
१) मजकूर छापण्यापूर्वी तो एका लहान फंक्शनमधून न्यावा. पॉइंटर नल असल्यास त्याने 'मूल्य नाही' असे शब्द द्यावेत. रिकामा मजकूर देऊ नये, अन्यथा कोरे नाव व नसलेले नाव यांतील भेद कळत नाही.
२) संरचनेतील घटक छापण्यापूर्वी संरचनेचा पॉइंटरही तपासावा.
३) केवळ पत्ता हवा असल्यास 'टक्का-पी' वापरून पॉइंटर व्हॉइड प्रकारात रूपांतरित करावा.
४) नोंदी स्टडएररवर पाठवाव्यात. स्टडआउटवरील मजकूर बफरमध्ये थांबतो व आज्ञावली कोसळल्यास नष्ट होऊ शकतो. परिणामी दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.
५) केवळ असर्टवर विसंबू नये. एनडीबग व्याख्यायित केल्यास ती तपासणी नाहीशी होते.

निष्कर्ष :
दोषशोधन नोंद ही आज्ञावलीची साक्षीदार आहे. साक्षीदारच कोसळला तर दोषाचा पुरावा उरत नाही. म्हणून 'येथे चालले' एवढ्यावर समाधान न मानता प्रमाणक काय हमी देते, हे पाहण्याची सवय विद्यार्थ्यांनी प्रारंभापासून लावून घेणे आवश्यक आहे.