महालक्ष्मीचे ताट, पुरण आणि आपली साखर



पोळा झाला की आपल्या नागपूरकडे सणांची रांगच लागते. तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या, भुलाबाई, नवरात्र, दसरा, कोजागिरी, आणि मग दिवाळी. याच दिवसांत कारखान्यात यंत्रांची दुरुस्ती उरकत येते, आणि सभासदांना सवलतीच्या साखरेचे वेध लागतात. अशा वेळी ऊसविकास विभागाने खताच्या मात्रेविषयी लिहायचे सोडून पुरणाविषयी का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही गावोगाव फिरतो. उसाची नोंद करायला आलेला सभासद खिशातून डायबिटीसची गोळी काढतो आणि चहा मात्र गोडच मागतो, हे आता नवलाचे राहिलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण 10 कोटींहून अधिक आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले 13 कोटींहून अधिक. हा आता केवळ शहरातला रोग राहिलेला नाही.

म्हणून सण साजरेच करू नयेत काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. उलट आपल्या आजीने मांडलेले महालक्ष्मीचे ताट नीट पाहा. त्यात पुरणपोळी आहे, पण शेजारी ज्वारीची आंबील आहे, सोळा भाज्या आहेत, कढी आहे, हरभऱ्याची डाळ घातलेली पातळ भाजी आहे, कोशिंबीर आहे, जवसाची चटणी आहे. गोड हे त्या ताटाचे एक अंग होते. हल्ली झाले असे की आंबील चमचाभर नैवेद्यापुरती उरली, सोळा भाज्या एकत्र करून पळीभर झाल्या, आणि पोळ्या मात्र तीन-चार. वरून विकतची बर्फी.

आंबील ही काही गरिबाघरची पेज म्हणून सोडून द्यायची वस्तू नव्हे. ज्वारी ओलवून कांडावी, कोंडा पाखडावा, भरड काढावी. ती रात्रभर ताकात भिजवावी. सकाळी पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर घोटत शिजवावी, वरून खोबऱ्याचे काप. झाले. कांडायला वेळ नसेल तर गिरणीतून ज्वारीचा रवा काढून आणा, काही बिघडत नाही. रात्रभर आंबल्याने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते, आणि भरड धान्यामुळे पोट लवकर भरते. जेवणाच्या आरंभी वाटीभर आंबील प्यायली तर तिसऱ्या पोळीची वासना आपोआप कमी होते. करून पाहा.

आता पुरण. एक किलो डाळीला एक किलो साखर किंवा गूळ, हे आपल्याकडचे प्रमाण. त्याच्या 40 पोळ्या लाटल्या तर एका पोळीत 25 ग्रॅम गोड गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितलेले प्रमाण असे, की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. 2000 कॅलरी आहार असलेल्या माणसाला ती मर्यादा 50 ग्रॅम पडते, आणि निम्म्यावर आणली तर अधिक चांगले. म्हणजे दोन पोळ्यांत दिवसाचा कोटा संपला! चहा अजून धरलेलाच नाही. दोन चमचे साखरेचे पाच कप, की झाले आणखी 50 ग्रॅम.

आमची सूचना साधी आहे. किलो डाळीला पाऊण किलो गोड घ्या. वेलची, जायफळ थोडे सढळ हाताने घाला, चवीत फरक कळत नाही. वरच्या पारीसाठी मैदा न घेता घरची कणीक घ्या. पोळी लहान लाटा. तूप अवश्य घ्या, पण आपल्याकडे पोळी तुपात बुडवून खायची जी रीत आहे, ती दिवसभर औत हाकणाऱ्या माणसाची होती. मोटारसायकलवर शिवाराला फेरी मारून येणाऱ्याला एक चमचा पुरे.

आणि गुळाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हा आमच्या धंद्याचा विषय आहे. "साखर बंद केली जी, आता गूळच खातो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गूळ हा त्याच उसाच्या रसाचा. त्यात थोडे खनिज असते हे खरे, पण बहुतांश साखरच असते. मधुमेह्याला गुळाची सूट नाही.

साखर कारखान्याच्या पत्रिकेने साखर कमी खा म्हणावे, यावर काही सभासद आम्हांला बोल लावतील. त्यांनी निर्धास्त असावे. उसाचा भाव तुमच्या घरच्या पुरणावर ठरत नाही. देशातल्या साखरेचा मोठा भाग शीतपेये, बिस्किटे आणि मिठाईवाल्यांकडे जातो, आणि पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने 2025 मध्ये गाठला आहे. ऊस जिरवायला दुसऱ्या वाटा आहेत. सवलतीची साखर मिळाली म्हणून ती महिन्यात संपवलीच पाहिजे असेही नाही, कोरड्या डब्यात ती वर्षभर राहते.

भगिनींसाठी एक वेगळी गोष्ट. महालक्ष्म्यांच्या दिवशी घरची सून पहाटेपासून उपाशीपोटी चुलीपाशी उभी असते आणि नैवेद्य होऊन, पंगती उठून, तिच्या पोटात घास जातो तो रात्री नऊ-दहाला. यात कसले पुण्य आहे ते आम्हांला कळत नाही. ज्या बाईला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, तिने असा उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. साखर एकदम उतरून चक्कर येते, घाम सुटतो, प्रसंगी शुद्ध जाते. नैवेद्य दुपारी दाखवला तर देवी रागावणार नाही. आणि खोबरे खवायला, भाज्या चिरायला घरच्या पुरुषांचे हात लागले तर स्वयंपाक लवकर उरकतो. पंगतीतल्या आग्रहालाही आवर हवा. "घ्या न जी, एकानं काय होते?" त्या एकानंच होते.

तळणाचे थोडक्यात. तेल पुरते तापल्याशिवाय करंजी, वडे सोडू नका, कोमट तेलात पदार्थ तेल पितो. महालक्ष्मीच्या फुलोऱ्याचे उरलेले काळे तेल दिवाळीच्या चकलीला वापरू नका. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात तापवून कढईत कोरडेच भाजा. दिवाळीपर्यंत आंब्या बहाराचा संत्रा बाजारात आलेला असतो. पाहुण्यापुढे फराळाच्या ताटलीत दोन संत्री ठेवायला नागपूरकराने लाजू नये.

भुलाबाईची खिरापत मात्र जशी आहे तशीच चांगली. रोज नवा पदार्थ, मुलींनी ओळखायचा, आणि वाट्याला मूठभर. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, चुरमुरे, काकडी यांतही ओळखण्याची मजा तितकीच येते.

राहता राहिल्या सोळा भाज्या. त्या नागपूरच्या बाजारातून कशाला आणायच्या? बांधावर अंबाडी, भेंडी, चवळी, दोडका आणि एक लाल भोपळ्याचा वेल पावसाळ्याच्या आरंभी लावला तर महालक्ष्म्यांना घरचीच भाजी निघते. पूर्वहंगामी उसाची लागण 15 ऑक्टोबरनंतर होते, आणि पहिले दोन-तीन महिने सऱ्यांमधली जागा मोकळीच असते. तिथे मेथी, कोथिंबीर, पालक घ्या. मेथी महिना-सव्वा महिन्यात काढणीला येते आणि उसाला अडचण होत नाही. मात्र या जागेत आधी तणनाशक मारले असेल तर पालेभाजी घेऊ नये. बियाण्याची चौकशी ज्यांना करायची असेल त्यांनी लागणीच्या नोंदीच्या वेळीच गटातील शेतकी मदतनीसाला सांगावे.