देशी कुत्रं घरी आणताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात आणि प्राणीसंस्थांचे फोन थांबत नाहीत. कुणी पोत्यात भरून पिल्लं सोडून गेलेलं असतं, कुणाच्या गाडीखाली एखाद्याचा पाय गेलेला असतो. या दिवसांत औषधांची, डॉक्टरांची सोय कशीबशी लागते. लागत नाही ती जागेची. काही आठवड्यांपुरतं घर देणारी माणसं, म्हणजे फॉस्टर, फार कमी. ज्यांच्याकडे जागा असते, तीही बऱ्याचदा ऐकीव गोष्टींमुळे मागे सरतात.

‘लळा लावायचा आणि मग दुसऱ्याला देऊन टाकायचं, हा मुक्या जिवावर अन्याय आहे.’ असं म्हणणारी माणसं मनाने चांगली असतात, म्हणूनच हा समज सगळ्यांत जास्त नुकसान करतो. पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं. तोवर त्याचं संरक्षण अपुरं असतं. निवारा केंद्रात सतत नवे, आजारी प्राणी येत असतात. तिथे पार्व्होचा विषाणू शिरला की एका पिंजऱ्यातली भावंडं पाठोपाठ दगावतात. घरात एकटं वाढणारं पिल्लू या धोक्यापासून बरंच लांब राहतं. याच वयात ते कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, लहान मुलांची धावपळ यांना सरावतं. नव्या घरी गेल्यावर ते काही दिवस बावरतं, शोधतं आणि मग तिथलं होतं. फॉस्टरला मात्र रडू येतं. ते यायचंच. पण तुमच्याकडची जागा रिकामी झाली, की पुढच्या पिल्लाला ती मिळते.

एक खबरदारी मात्र कधीच सोडू नये. घरात गेल्या काही महिन्यांत पार्व्होचं कुत्रं असेल, तर लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका. हा विषाणू फरशीवर, गोणपाटात, चपलांना महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. जागा आधी घासून धुवायची, मग पाण्यात मिसळलेलं ब्लीच थोडा वेळ तसंच राहू द्यायचं.

‘आणायचं तर पिल्लूच, मोठं कुत्रं माणसाळत नाही.’ यामुळे दोन-तीन वर्षांची किती गुणी कुत्री वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहतात! खरं तर नोकरी करणाऱ्या माणसाला मोठंच कुत्रं सोयीचं. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं आणि ते चपला, चार्जर, सोफ्याचे कोपरे काहीच सोडत नाही. मोठ्याचा आकार आणि स्वभाव डोळ्यांसमोर असतो. त्याला फक्त वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस ते पलंगाखालून बाहेरच येत नाही. भरलेल्या भांड्याकडे दिवसभर ढुंकून बघत नाही आणि रात्री दिवे मालवले की गुपचूप येऊन भांडं चाटूनपुसून ठेवतं. याचा अर्थ ते बिथरलंय असा नाही. या कामातले लोक ढोबळ हिशेब सांगतात: भीती उतरायला तीन दिवस, घराची घडी कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. या सुरुवातीच्या काळात कुत्रं निसटून हरवण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. फटाका वाजला की घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून पट्ट्यातून सहज सुटतं. म्हणून गळ्यात पट्टा आणि अंगाला हार्नेस, दोन्ही हवेत.

‘रस्त्यावरची कुत्री रोगट असतात.’ गोचीड, जंत, खरूज असू शकते. तीनही गोष्टींवर साधे उपचार आहेत. गोचीडतापही औषधाने बरा होतो, आणि तो महागड्या जातिवंत कुत्र्यांनाही होतो. रेबीजची भीती मात्र रास्त आहे. त्यासाठी तीन महिन्यांच्या वयानंतर लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुन्यावर विसंबू नका.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि तो प्राणिप्रेमींचा: रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला घर हवंच. गल्लीत रुळलेलं, कानाला खाच असलेलं, म्हणजे नसबंदी झालेलं धडधाकट कुत्रं तिथेच बरं असतं. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्र्याला मूळ जागी सोडायचं असतं. एकटं दिसलेलं पिल्लूही लगेच उचलू नये; आई अन्न शोधायला गेलेली असू शकते, थोडं लांबून बघावं. घराची खरी गरज असते ती आई गमावलेल्या पिल्लांना, आंधळ्या-लंगड्या कुत्र्यांना आणि मालकांनी सोडून दिलेल्या लॅब्राडॉर-हस्कींना, ज्यांना रस्त्यावर कसं जगायचं तेच ठाऊक नसतं.

‘आमच्या सोसायटीत चालत नाही.’ सभेत बहुमताने ठराव झाला तरी सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. अर्थात कुत्र्याला साखळी लावणं, त्याची घाण उचलणं आणि महापालिकेचा परवाना काढणं ही आपली जबाबदारी. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी आधीच बोलून घ्या. हे संभाषण टाळल्यामुळे कित्येक कुत्री परत आली आहेत.

शेवटी राहिला दत्तक घेताना भरायचा अर्ज. घरी कोण कोण असतं, खिडकीला जाळी आहे का, गावाला गेलात तर काय कराल, अशा प्रश्नांनी लोक दुखावतात. ‘फुकटच्या कुत्र्यासाठी एवढी चौकशी?’ ही चौकशी आधी परत आलेल्या कुत्र्यांमुळे सुरू झाली. रस्त्यावरची कुत्री दत्तक घेणाऱ्यांनी ती पुन्हा रस्त्यावर जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात बजावलं. म्हणून अर्जातलं ‘सांभाळणं जमलं नाही, तर संस्थेला कळवीन’ हे वाक्य सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.