सहा मिलिग्रॅम, दहा दिवस

मे 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मोबाइलवर एक मजकूर फिरत होता. कांद्याच्या सालीवर जी काळी पूड दिसते तीच कोविडच्या रुग्णांना होणाऱ्या म्युकरमायकोसिसची (म्युकरची) काळी बुरशी, कांदा घरात आणू नका, असं त्यात लिहिलेलं होतं. ज्या नाशिक जिल्ह्यात लासलगावचा बाजार भरतो आणि उन्हाळ कांदा महिनोन्‌महिने चाळीत राहतो, तिथेही हा मजकूर पोचला. खरं तर सालीवरची ती पूड अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीची. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशीचं कूळच वेगळं. लोक कांद्याला घाबरले. औषधाच्या डब्यातल्या छोट्या पांढऱ्या गोळीची भीती मात्र फार थोड्यांना वाटली.

ती गोळी स्टिरॉइडची.

त्या दिवसांत नाशिकमध्ये प्रत्येक फोनवर छातीच्या सीटी स्कॅनबद्दल एकच प्रश्न असायचा, ‘स्कोअर किती आला?’ 21 एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर शहराची भीती किती वाढली असेल, हे वेगळं सांगायला नको. देशभर लोकांनी अशाच भीतीपोटी ताप येताच, ऑक्सिजन 97 असतानाही, शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्टिरॉइड आणलं. दोष त्यांना द्यावा असं मला वाटत नाही. पण हे औषध नेमकं कोणासाठी आहे, हे जगाला तेव्हा जवळजवळ वर्षभरापासून माहीत होतं.

ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल जून 2020 मध्येच आला होता. डेक्सामेथासोन, रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांमध्ये सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीही फायदा झाला नाही, उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. काही रुपयांत मिळणाऱ्या औषधाने इतके जीव वाचावेत, ही त्या साथीतली मोठी गोष्ट होती. पण त्या निकालाच्या तिसऱ्या ओळीकडे आपण डोळेझाक केली.

असं का होतं, ते शरीरात शिरून पाहू. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी बसलेली एकेक अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल तयार करते. पहाटे ते सर्वाधिक असतं, म्हणूनच प्रेडनिसोलोन बहुधा सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. गोळीतलं स्टिरॉइड याच कॉर्टिसोलचं भावंड. ते पेशीत शिरतं, केंद्रकापर्यंत जातं आणि दाह पेटवणारी रसायनं बनवण्याचे हुकूमच थांबवतं. जंतूंशी लढताना शरीराने पेटवलेली आग कधी घरालाच लागते. कोविडच्या दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसांचं तेच होत होतं, आणि तिथे स्टिरॉइड ती आग विझवत होतं. पहिल्या आठवड्यात मात्र विषाणू वाढत असतो. तेव्हा ती आग विझवणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणं. शिवाय स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर बनवतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. मधुमेह असेल तर शुगर तीनशे-चारशेवर जाऊ शकते. साखर भरपूर, पांढऱ्या पेशी मंद! नाकावाटे एरवीही आत येत असलेल्या बुरशीला आणखी काय हवं? ती सायनसमध्ये, डोळ्यामागे, जबड्यात उतरली. ज्यांनी डोळा गमावला, ज्यांचा जबडा काढावा लागला, त्यांच्यातले कित्येक कोविडमधून बरे झालेले होते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 21 सप्टेंबर 1948 रोजी अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या देखरेखीखाली, संधिवाताने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन या स्टिरॉइडचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. काही दिवसांत ती चालू लागली. 1950 मध्ये हेंच यांच्यासह केंडल आणि राइखश्टाइन या शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. पण हे औषध बैलाच्या पित्तातून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी बनत होतं, सोन्यासारखं महाग. 1952 मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांना दिसलं, की त्यातली सर्वांत अवघड पायरी एक बुरशी सहज पार करते. औषध स्वस्त झालं. ती बुरशी होती ऱ्हायझोपस. 2021 मध्ये म्युकरच्या रुग्णांच्या सायनसमध्ये सर्वाधिक सापडली ती याच कुळातली.

म्हणून स्टिरॉइडला शिव्या देणाऱ्यांशी माझं पटत नाही. दम्याच्या पंपात ते आहे, आणि पंपाला घाबरून दमा वाढवून घेणारे अजून भेटतात. (पंप ओढल्यावर चूळ भरली की तोंडातला बुरशीचा त्रास बहुतांशी टळतो.) कुष्ठरोगात नसा सुजू लागल्या, तर वेळेवर दिलेलं प्रेडनिसोलोन हात-पाय लुळे पडण्यापासून वाचवतं. दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं मिळाली, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात.

घात होतो तो न सांगता दिलेल्या स्टिरॉइडने. गुडघेदुखीवर बिननावाची पुडी मिळते, दुसऱ्याच दिवशी आराम पडतो, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि घरचे म्हणतात, आजी सुधारली. वर्षभराने हाडं ठिसूळ झालेली असतात. नायट्यावर, गजकर्णावर जे मलम ‘लगेच गुण देतं’, त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी पसरते. आणि हे औषध आठवडे-महिने घेतलं की अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देते. मग गोळी एकदम थांबवली, तर रक्तदाब कोसळून माणूस जिवाला मुकू शकतो.

आज घरातला औषधाचा डबा उघडा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ती पट्टी किंवा ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. हे कशासाठी, किती दिवस, कमी कसं करत जायचं आणि शुगर कधी तपासायची, हे विचारा. विचारण्याआधी सुरू करू नका, आणि सुरू असेल तर विचारल्याशिवाय बंदही करू नका.