शेंडीच्या जागेचा हिशेब

केस जाण्याला मराठीत एकच शब्द नाही. गोल चट्टा पडून केस गेले तर 'चाई पडली' म्हणतात. घराण्याच्या वळणाने वर्षानुवर्षे विरळ होत गेले तर ते टक्कल. हा भेद जुन्या वैद्यकालाही ठाऊक होता. इंद्रलुप्त आणि खालित्य वेगळे करताना वाग्भटाने कसोटी लावली ती वेगाची : पहिल्यात केस एकाएकी जातात, दुसऱ्यात क्रमाक्रमाने. केशरोपण करावे की नाही, या आजच्या प्रश्नालाही पहिली कसोटी हीच लावावी लागते.

जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत डोकी मोकळी झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक गावांत आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे मांडून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पुढे अनेकांचे केस परत येऊ लागले. अशा गळतीत केसाचे मूळ जिवंत असते, म्हणून कारण शोधायचे आणि वाट पाहायची. रोपणाचा प्रश्नच येत नाही. या लेखाचा विषय दुसरी, सावकाश जाणारी जात आहे. आणि तीही डोक्यावरच्या एकाच जागेपुरती. ती जागा म्हणजे टाळूचा मागचा भाग, जिथे भोवरा असतो आणि जिथे शेंडी ठेवत.

बाकी डोके भादरून ज्या जागेचे केस आपल्या पूर्वजांनी मुद्दाम राखले, नेमके तिथलेच केस पुष्कळ पुरुषांचे आधी जातात. पण त्याची फारशी वाच्यता होत नसे. पागोटे, फेटा, रुमाल, टोपी यांनी ती जागा झाकलेली असे. शिवाय ती स्वतःला दिसत नाही. आरशात कपाळ दिसते, टाळू दिसत नाही. ती दिसते न्हाव्याला, मागच्या बाकावर बसलेल्याला आणि आता मोबाइलच्या कॅमेऱ्याला. आमच्या पाटोद्यात लग्नसमारंभाचे ड्रोनने घेतलेले चित्रीकरण पाहताना कित्येकांना आपल्या डोक्याचा हा भाग पहिल्यांदा कळतो.

केस जातात कसे, हे समजायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवले, की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, त्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. मात्र घराण्यात टक्कल असेल आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले, तर पडू लागते. म्हणजे बी अनुवंशाचे, पाणी संप्रेरकाचे. पुढे कळले, की टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात बनणारे डीएचटी हे द्रव्य टाळूवरच्या आणि कपाळाजवळच्या मुळांना हळूहळू बारीक करते. जाड केसाच्या जागी लव येते, मग तीही दिसेनाशी होते. डोक्याच्या मागच्या खालच्या पट्ट्यातली आणि कानांवरची मुळे मात्र या द्रव्याला दाद देत नाहीत. म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसालाही मागे केसांची झालर उरते.

केशरोपण उभे आहे ते या झालरीवर. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी 1959 मध्ये मांडले, की मागचा केस पुढे लावला तरी तो आपला मागचाच स्वभाव टिकवतो. त्यांच्याआधी जपानच्या ओकुदा यांनी 1939 मध्ये जळलेल्या, व्रण पडलेल्या त्वचेवर केस लावून पाहिले होते. पण कातडी जागा बदलली तरी गुण बदलत नाही, ही गोष्ट आपल्या मातीतही पाहिली गेली होती. टिपूच्या लढाईत नाक कापले गेलेल्या कावसजी या गाडीवानाचे नाक पुण्याकडच्या एका कारागीर वैद्याने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवले. त्याचे वर्णन ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आले. या शस्त्रक्रियेत कातडी घेताना ती केसांच्या रेषेत गेली, तर पुढे नाकावर केस उगवतात, असा शल्यविशारदांचा अनुभव आहे. नाकावर जी अडचण ठरते, तीच टाळूवर सोय ठरते.

इथपर्यंत सारे आशादायक आहे. अडचण सुरू होते ती हिशेबात. रोपणाने नवा केस तयार होत नाही. मागचा केस वर जातो, एवढेच. आणि मागचा साठा मोजका असतो. केस त्वचेतून एकेकटे न येता एक ते चारच्या जुडग्यांनी येतात. अशा एका जुडग्याला दवाखान्यांत 'ग्राफ्ट' म्हणतात. मागची बाजू उघडी न पडता आयुष्यभरात साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट निघू शकतात. केस मुळात विरळ असतील तर त्याहूनही कमी. पट्टी कापून काढा किंवा एकेक मूळ टोचून काढा, व्रणाची तऱ्हा बदलते, साठा वाढत नाही.

आता टाळूचे क्षेत्रफळ पाहू. टक्कल 6 सेंटीमीटर व्यासाचे असेल, तर ते सुमारे 28 चौरस सेंटीमीटर भरते. निसर्गाने तिथे दर चौरस सेंटीमीटरला 65 ते 85 जुडगी दिलेली असतात. रोपणात तीसच्या आसपास धरली तरी साधारण 850 ग्राफ्ट लागतात. व्यास 12 सेंटीमीटर झाला, की क्षेत्रफळ दुप्पट न होता चौपट होते : 113 चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास 3,400 ग्राफ्ट. अर्ध्याहून अधिक साठा एका टाळूवर खर्च. आणि एवढे करून मिळते ती निसर्गाच्या निम्म्याहूनही कमी दाटी. पुढच्या बाजूचे केस मागे विंचरून विरळपणा झाकता येतो. टाळूवर केस भोवऱ्यासारखे चहूकडे फाकतात, त्यामुळे एक केस दुसऱ्याला झाकत नाही. म्हणून अनेक अनुभवी शल्यविशारद आधी कपाळ, मग टाळू असा क्रम लावतात.

हा हिशेब माझ्यासाठी कागदावरचा राहिला नाही तो भाच्यामुळे. तो 27 वर्षांचा, शेती दीड एकर, टाळूवर रुपयाएवढे मोकळे झालेले आणि दोन ठिकाणी स्थळ फिरलेले. आमच्या भागात मुलगी मिळणे किती अवघड झाले आहे, हे वाचकांना सांगायला नको. डिसेंबर 2022 मध्ये लग्नाळू तरुणांनी घोड्यांवर बसून सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. ऊसतोडीची उचल घेऊन केशरोपण करायचे, असे त्याने ठरवत आणले होते. उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे. ते पुढे हंगामभर कोयता चालवून फेडायचे. "मामा, एकदा बसवले की कायमचे ना?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

बसवलेले केस बहुधा टिकतात, हे खरे. पण त्यांच्या भोवतीचे त्याचे स्वतःचे केस टिकतील, याची हमी रोपण देत नाही. सत्ताविसाव्या वर्षी भोवऱ्यात भरलेले बेट तसेच राहील आणि चाळिशीपर्यंत त्याभोवती उघडे कडे वाढत जाईल. बारा सेंटीमीटरच्या वर्तुळातून सहाचे बेट वजा केले तर उरलेले कडे 85 चौरस सेंटीमीटरचे होते. ते भरायला आणखी अडीच हजार ग्राफ्ट हवेत. तोवर कपाळही मागे हटले असेल, तर साठा कुठे वापरायचा? न भरलेले टक्कल लोकांच्या ओळखीचे असते. मधोमध झुपका आणि भोवती मोकळे रिंगण हे निसर्गात नसते.

दुसरी गोष्ट आमच्या कामाची. रोपणानंतर निदान पहिले दहा-बारा दिवस डोक्याला घासणे, दाबणे चालत नाही. ऊन, घाम, धूळही टाळावी लागते. दिवाळीच्या सुमाराला फडावर जाऊन उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहणाऱ्या माणसाने हे कसे पाळायचे? शिवाय लावलेले केस दोन-चार आठवड्यांत एकदा गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात, आणि टाळूवर पूर्ण परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष जाते. येत्या लग्नसराईसाठी हा उपाय नव्हे.

याउलट औषधांच्या बाबतीत टाळू नशीबवान आहे. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचे डोक्याला लावायचे द्रावण निघाले आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. डीएचटी कमी करणारे फिनास्टेराइड प्रोस्टेटसाठी आले आणि 1997 मध्ये कमी मात्रेत केसांसाठी मान्य झाले. त्याची 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी टाळूच्या टकलावरच होती : 18 ते 41 वयाचे 1,553 पुरुष. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्यांपैकी 83 टक्क्यांची गळती पुढे सरकली नव्हती. नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 28 टक्के होते. औषध बंद केले की लाभ साधारण वर्षभरात ओसरतो. थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी जाणवतात, काहींना मनाची उदासी. गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये. आणि माझ्या वयाच्यांनी एक लक्षात ठेवावे : या गोळीने प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवे.

रोपण ही शस्त्रक्रिया आहे, हेही विसरले जाते. मार्च 2019 मध्ये मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनेक दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस बसवल्याचे तेव्हाच्या बातम्यांत होते, आणि तीव्र अॅलर्जीचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केला होता. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले, की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे कौशल्य आले असे मानता येणार नाही. तेव्हा पाटोद्याहून बीड, अहिल्यानगर, संभाजीनगर किंवा पुण्याची वाट धरणाऱ्याने पहिला प्रश्न ग्राफ्टच्या भावाचा विचारू नये. मुळे काढणार कोण आणि छेद घेणार कोण? त्यांची पदवी काय? भूल उलटली तर सोय काय? माझा एकूण साठा किती, आणि आज त्यातला किती संपेल? साठ्याचा प्रश्न टाळणाऱ्या ठिकाणाहून सरळ परतावे.

भाच्याने उचल घेतली नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याने औषध सुरू केले आहे, आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात टाळूचा फोटो काढतो. निदान वर्षभर औषध घेऊन गळती थांबली का, हे कळल्याशिवाय रोपणाचा विचार करायचा नाही, एवढे त्याने ठरवले आहे. पन्नाशीतल्या माणसाचे गणित वेगळे. माझे टक्कल कुठवर जायचे ते बहुतेक जाऊन बसले आहे, त्यामुळे साठा किती आणि जागा किती, हे आज मोजता येते. म्हणजे रोपणाला मी त्याच्यापेक्षा अधिक योग्य उमेदवार. पण मला त्याची निकड वाटत नाही. ज्याला निकड आहे त्याचे टक्कल अजून सरकते आहे, आणि ज्याचे स्थिरावले आहे त्याची निकड पुष्कळदा गेलेली असते. टाळूच्या बाबतीत निर्णय अवघड होतो तो यामुळे. म्हणून 'करू का?' या प्रश्नाआधी 'माझी गळती थांबली आहे का?' हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मागचा साठा राखून ठेवावा. एकदा उपसलेली मुळे झालरीत पुन्हा उगवत नाहीत.