स्टिअरिंगचे ऑइल, रबरी नळी आणि फुप्फुसे

स्टिअरिंग जड लागू लागले, वळताना घुरघुर येऊ लागली की मेकॅनिक बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीत डोकावतो. नवे ऑइल बहुधा लालसर किंवा मधासारखे पारदर्शक असते. ते काळपट झाले, त्याला जळका वास येऊ लागला, की बदलायचे. हे काम घरीही होते. इंजिन बंद आणि गार असताना डबीतले जुने ऑइल ओढून काढायचे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जातीचेच नवे भरायचे, मग इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा फिरवायचे. नळ्यांमध्ये उरलेले जुने ऑइल नव्यात मिसळते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा तेच करायचे. (अलीकडच्या बऱ्याच मोटारींत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असते. त्यात हे ऑइलच नसते.)

प्रश्न येतो तो जुने ऑइल बाहेर काढायचे कशाने हा. स्कूटरमधून पेट्रोल काढताना पाहिलेली युक्ती अनेकांना आठवते: रबरी नळी आत सोडायची आणि दुसरे टोक तोंडात धरून ओढायचे. ही युक्ती करू नये.

तोंडात घोट आला की माणूस पोटाची काळजी करतो. पण असले तेल पोटात गेले तर बहुधा मळमळ, जुलाब यांवर भागते. धोका आहे तो फुप्फुसांना. ओढताना श्वास आत खेचलेला असतो; त्याच क्षणी तेल आले, ठसका लागला, की थोडे तेल श्वासनलिकेत उतरते. फुप्फुसातले कोट्यवधी वायुकोश उघडे राहतात ते आतल्या एका पातळ, साबणासारख्या थरामुळे. तेल हा थर बिघडवते. वायुकोश मिटतात, सुजतात, रक्ताला प्राणवायू कमी पडतो. हा न्यूमोनिया जंतूंचा नव्हे, रसायनाचा असतो. त्यामुळे घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन काही साधत नाही.

तेल जितके पातळ तितके ते फुप्फुसात झपाट्याने पसरते. म्हणून पेट्रोल, रॉकेल, डिझेल सर्वांत वाईट. तोंडात रॉकेल धरून आगीचे लोळ काढणाऱ्या कलावंतांना हाच आजार होतो. स्टिअरिंग ऑइल त्यांच्यापेक्षा दाट, म्हणून धोका कमी. पण दाट तेलाची खोड वेगळी. ते फारसा खोकला न आणता आत जाऊन बसते. शरीरातल्या पेशी ते गिळतात, पण खनिज तेल त्यांना पचवता येत नाही, आणि दाह आठवडेच्या आठवडे रेंगाळतो.

ऑइल गिळले गेले तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोटे घालणे हे आपल्याकडचे हमखास उपाय इथे उलटतात, कारण वर येणाऱ्या तेलाला श्वासनलिकेत शिरण्याची दुसरी संधी मिळते. तोंड धुवावे, तेलाचे कपडे बदलावेत. खोकला, धाप, छातीत घरघर, गुंगी यांतले काहीही दिसले तर 108 ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे, आणि ऑइलचा डबा सोबत न्यावा. पहिले सहा तास लक्ष ठेवण्याचे असतात. डबा नेण्याला कारण आहे. पत्र्याच्या डब्यात ठेवलेले ब्रेक ऑइल दिसायला असेच असते, पण ते ग्लायकॉलच्या जातीचे. काहींत डायइथिलीन ग्लायकॉल असते, आणि ते मूत्रपिंडे निकामी करते. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरॉलमध्ये याचीच भेसळ निघाली होती. 14 रुग्ण दगावले.

ऑइल काढायला औषधांच्या दुकानात मिळणारी 50 मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी नळी पुरते. ती पुन्हा घरात आणू नये. काढलेले ऑइल मात्र लोक हाताशी येईल त्यात ओततात, म्हणजे बहुतेक वेळा पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत. लालसर ऑइल लहान मुलाला सरबतच वाटणार. रॉकेल प्यायलेली मुले रुग्णालयात येतात ती याच वाटेने. ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, ते गॅरेजच्या पिंपात द्यावे. गटारात ओतू नये.

इंजिन चालू असताना नळी कुठे गळते हे बोटाने चाचपू नये. आत दाब प्रचंड असतो, आणि बारीक छिद्रातून उडालेली धार कातडीतून आत घुसू शकते. वर दिसते सुईच्या टोचणीएवढी खूण, सुरुवातीला दुखतही नाही. पण आत तेल बोटभर पसरलेले असते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागू शकते. गळती पुठ्ठा धरून पाहावी. हाताला लागलेले ऑइल पेट्रोलने धुतल्यास कातडी फुटते. आधी खोबरेल चोळावे, जुन्या फडक्याने पुसावे, मग साबण लावावा.