काट्यावरचे किलो, नडगीवरची प्लेट

वजनकाट्यावर लॅब्रॅडॉर चढला की त्याचे घरचे आधीच सफाई द्यायला लागतात. ‘खात काहीच नाही हो डॉक्टर, हाडानेच दणकट आहे.’ पुण्यातल्या एका दवाखान्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. डॉक्टर आकडा लिहून घेतात, कारण भुलीचा डोस त्यावरच ठरतो. मग दोन्ही तळवे कुत्र्याच्या बरगड्यांवर ठेवतात. हलक्या हाताला बरगड्या लागल्या तर ठीक. त्या दाबून शोधाव्या लागल्या, तर चरबीच्या मापात नऊपैकी सात किंवा आठ असा शेरा पडतो. चार-पाच म्हणजे उत्तम.

ऑपरेशन असतं गुडघ्याचं. माणसाच्या गुडघ्यातलं क्रुशिएट लिगामेंट बहुधा एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं मात्र विहिरीवरच्या दोरासारखं धागा धागा झिजत जातं. नडगीच्या हाडाचा माथा मागे उतरता असतो, साधारण 25 अंशांनी. लिगामेंट गेलं की दर पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे सरकते. ओरेगॉनचे पशुवैद्य बार्कले स्लोकम यांनी दोर नवा बांधण्याऐवजी उतारच कमी करायचं ठरवलं आणि 1993 मध्ये ही पद्धत छापून आली. अर्धगोल करवतीने नडगीचा माथा कापायचा, फिरवून उतार पाचेक अंशांवर आणायचा आणि प्लेट-स्क्रूंनी पक्का करायचा.

ऑपरेशनच्या टेबलाशेजारी उभं राहिलं की करवतीच्या घरघरीपेक्षा सलाइनकडेच लक्ष जातं. हाड तापून मरू नये म्हणून मदतनीस पात्यावर सतत धार सोडत असतो. ड्रिल, खोलीचं माप, स्क्रू, पुन्हा ड्रिल. प्लेट बसते नडगीच्या आतल्या बाजूला, जिथे कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच.

बाहेर वाट पाहणारे विचारतात, ‘एवढ्या वजनाने प्लेट मोडणार नाही ना?’ धातू क्वचितच मोडतो. पुढे प्लेट काढावी लागते ती बहुधा जंतूंमुळे. कुत्र्याच्या स्वतःच्या कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस धातूवर चिकट थर करून बसतो. गोळ्या चालू आहेत तोवर गप्प, बंद केल्या की पुन्हा पू. हाड जुळलेलं नसेल तर प्लेट काढताही येत नाही. मग जंतूंना कसंबसं दाबत आठवडे ढकलायचे आणि हाड जुळलं की सगळं लोखंड बाहेर. दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा खर्च.

जड कुत्र्यांत संसर्गाचा धोका जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण तिथलं वजन किलोत असतं, आणि त्यात थोराड नि लठ्ठ यांची सरमिसळ होते. काटक रॉटवायलर आणि सुटलेला लॅब्रॅडॉर, दोघेही 45 किलोंचे म्हणून एकाच रांगेत. रॉटवायलरची उंची कुणी कमी करणार नाही. लॅब्रॅडॉरची चरबी करता येते. म्हणून मला काट्यापेक्षा डॉक्टरांच्या तळव्यांवर जास्त भरवसा वाटतो.

चरबी उतरवण्याची वेळ मात्र नेमकी अवघड. ऑपरेशननंतर दोनेक महिने फक्त पट्ट्याने बांधून थोडं थोडं चालवायचं, जिना बंद, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या. ताटली तीच राहिली तर वजन चढणारच. शिवाय एक गुडघा गेलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा दुसराही जातो. लॅब्रॅडॉरची बाजू घ्यायची तर 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना साधारण चार लॅब्रॅडॉरांतल्या एकात पीओएमसी जनुकातला तुकडा गळालेला सापडला. अशा कुत्र्याला भूक जास्तच लागते. त्याचं ते केविलवाणं बघणं सगळंच ढोंग नसतं.

घरात तर प्रत्येकाचा घास वेगळा. आजीची तूप लावलेली पोळी, आजोबांच्या चहातलं बिस्किट, मुलांच्या ताटातलं उरलेलं. कुणालाच आपला घास मोजण्याइतका वाटत नाही. डॉक्टरांनी यावर वाद घालणं सोडलंय. दिवसभराचं खाणं सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून एका डब्यात भरायचं, एवढंच ते सांगतात. लाड कुणीही करावेत, पण त्याच डब्यातून. डबा रिकामा झाला की आजीचाही हात आखडता.