कूलर, ओली फरशी आणि तिसरी वायर

९ जानेवारी २०२१. मध्यरात्र उलटून दीड-दोन वाजले असतील. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षातून धूर येऊ लागला. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुरानं गुदमरून. चौकशीत शॉर्टसर्किटचं कारण पुढे आलं आणि राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्यात किमान ११ रुग्ण दगावले.

अशा आगीची वेळ पंचनाम्यात रात्रीची लिहिली जाते, पण बिघाड बहुधा कितीतरी आधीपासून मुरत असतो. स्विचमागचा स्क्रू सैल होतो, तिथं तार तापते, तापून तापून तिच्यावरचं प्लास्टिक कडक होतं आणि तडकतं. प्लग हाताला गरम लागतो, बोर्डाजवळ जळका वास येतो, मोटार सुरू झाली की दिवा मिचमिचतो. घरात हे सगळ्यांना दिसतं. ते पाहून कुणाला तरी बोलावणं हे मात्र कुणाच्याच कामात बसत नाही. माझ्या मते आपली खरी उणीव इथं आहे.

आगीची निदान बातमी होते. शॉक लागून एकेकटी जाणारी माणसं गावाबाहेर कुणाला कळतही नाहीत. आपल्या विदर्भात त्यांचा हंगाम ठरलेला आहे: एप्रिल ते जून, कूलरचा. पारा ४५ अंशांकडे सरकतो, पत्र्याचा कूलर खिडकीत बसतो, टाकीत पाणी, पाण्यात पंप. पंपाच्या वायरचं आवरण कुठंतरी सोललं की सगळा पत्रा जिवंत होतो. पाणी भरायला आलेला माणूस बहुतेक वेळा अनवाणी असतो, फरशी ओली असते आणि एक हात पत्र्यावर टेकलेला असतो.

इथं थोडा हिशेब मांडायलाच हवा. आपल्या घरात २३० व्होल्टचा दाब असतो. ओल्या अंगाचा विरोध सुमारे हजार ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. पन्नासच्या पुढं हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका असतो. आता बोर्डातला एमसीबी पाहा. त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे १६ हजार मिलिअँपिअर. माणूस मरेपर्यंत त्याला काही जाणवतच नाही, कारण तो तार जळू नये म्हणून बसवलेला असतो. ‘घरात एमसीबी आहेत, काळजी नाही’ असं फार लोक मानतात, म्हणून हे इतकं सांगितलं.

मग अर्थिंग? ते हवंच. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी, की प्लग खोचताना अर्थ आधी जोडला जावा. ती पिन तोडून टाकणं किंवा कूलरला दोनच तारांची वायर लावणं हा जिवाशी खेळ आहे. पण नुसत्या अर्थिंगवरही विसंबता येत नाही. अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध २० ओहम असेल, तर पत्र्यातून जमिनीत साडेअकरा अँपिअर जातील. तेवढ्यानं १६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. त्यात उन्हाळ्यात जमीन सुकते, खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडं होतं आणि विरोध आणखी वाढतो. कूलर चालतो नेमका त्याच महिन्यांत. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहणं आवश्यक.

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं असतं: आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे ते सतत ताडून पाहतं. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात पुरवठा तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचंच घ्यावं. १०० किंवा ३०० चं आगीपासून राखण करतं, शॉकपासून नाही. आणि ते वारंवार पडू लागलं तर वायरमनला ‘थेट जोडून दे’ असं कधीही म्हणू नये. गळती कुठं आहे ते शोधायला सांगावं.

बांधकामावर तर आरसीसीबीची गरज दुप्पट. घरकुलाचं काम असो की शहरातली इमारत, शेजारून ओढलेली तात्पुरती वायर पाण्यातून, सळयांखालून गेलेली असते. व्हायब्रेटर, कटर, पाण्याची मोटार, सगळं एकाच बोर्डावर. पिन नसेल तर उघडी तार छिद्रात घालून आगपेटीच्या काडीनं घट्ट केलेली. त्या बोर्डाला आरसीसीबी लावणं हा मिस्त्रीच्या मर्जीचा प्रश्न राहू नये, घरमालकानंच त्याचा आग्रह धरावा. वरच्या मजल्यावर सळई उभी करताना बाहेरून जाणाऱ्या ११ केव्ही लाइनकडेही बघावं. इमारतीपासून ती लाइन आडवी किमान १.२ मीटर आणि डोक्यावरून जात असेल तर किमान ३.७ मीटर दूर हवी, असा नियम आहे. सळई त्याहून लांब असते.

शेतातली गोष्ट आणखी कठीण. रानडुकरं एका रात्रीत धानाची बांधी उद्ध्वस्त करतात, ते दुःख खोटं नाही. पण कुंपणाच्या तारेत लाइनची वीज सोडली, की ती डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही. आपल्या पवनी तालुक्यापर्यंत पसरलेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जय वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात अशाच तारेला लागून मेला. शेजारचा शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो तेव्हा त्याच तारा त्याच्या वाटेत असतात. सौर कुंपणाचं यंत्र क्षणभराचे ठोके देतं, जनावर दचकून मागं फिरतं. त्याचा खर्च जास्त असला तरी तोच मार्ग आहे.

दिवाळीच्या रंगरंगोटीच्या निमित्तानं परवानाधारक वायरमनला घरी बोलवा. त्याच्याकडून मेगर नावाच्या मीटरनं वायरिंगचं इन्सुलेशन मोजून घ्या. आकडा एक मेगाओहमपेक्षा कमी आला, तर माळा लावण्याआधी ती वायरिंग बदला. कपडे वाळत घालायची लोखंडी तार वीजतारेजवळ किंवा पत्र्याला बांधलेली असेल, तर काढून नायलॉनची दोरी बांधा. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. पुरवठा तुटला नाही, तर ते आरसीसीबी बदलायचं. आणि कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. महावितरणची लाइन तुटून पडली असेल, तर दूर राहून १९१२ वर कळवा.